तीन हजार पोचे

१० फेब्रुवारी, मंगळवार

सत्यजीतनेच विकली. दुसरं कोण विकणार? डाय, म्हणजे मोरळीचा साचा, त्याच्या कपाटात, मशीन त्याचं, कारागीर त्याचे. इतकी वर्षं ताई ताई करत माझ्याकडे जेवला, कालवणाची वाटी दोनदा पुढे करायचा, आणि माझीच मोरळी परदेशात विकून मोकळा झाला. वर तोंड करून परवा विचारतो, ताई, यंदा ऑर्डर कमी का? ऑर्डर कमी का ते मला आज कळलं. चौथीपर्यंत शिकले म्हणून मी काय आंधळी नाही.

वकीलबाई म्हणाल्या, रोज जे घडेल ते तारीख घालून लिहून ठेवा, डोक्यात ठेवलं की रागात मागचं पुढे होतं. माझ्या डोक्यात काही मागचं पुढे होत नाही. पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहिते.

घडलं ते असं. सकाळी मार्केटात बसले होते, मंगळवार म्हणून गिऱ्हाईक तुरळक. वकीलबाईंचा फोन आला. न्हावा शेवाला कस्टमने माल अडवलाय, आत मोरळ्या आहेत, आणि खोक्यावर माझं नाव आहे. मी बोलले, मग सोडा की, माझाच माल असेल. त्या म्हणाल्या, तुमचा नाही, हा बाहेरून आलाय. मी विचारलं, बाहेरून म्हणजे पळस्प्याकडून?

बाहेरून म्हणजे समुद्रापलीकडून. दुसऱ्या देशातून.

मी फोन तसाच कानाला धरून बसले. समोरच्या बाईची सुरमई अर्धी कापलेली. ती बोलली, अगो भामा, माझ्या माश्याचं काय?

वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून लिहिते. मोरळी म्हणजे विळी. ती पाटावर बसून वापरतात. खारघर, नवीन पनवेलच्या फ्लॅटातल्या बायकांना खाली बसवत नाही, गुडघे बोलतात. म्हणून मी ओट्याला शिकंज्याने अडकवायची मोरळी काढली. उभ्याने कापा, स्क्रू फिरवून पातं काढा, धुवा, परत बसवा. तिचं नाव ‘भामा उभी मोरळी’. अरुंधती वकीलबाई खांदा कॉलनीत राहतात, रविवारी माझ्याकडून पापलेट नेतात. त्यांनीच मोरळीचं नाव आणि तिचं रूप दोन्ही सरकारात नोंदवलं, आणि कस्टमलाही कळवून ठेवलं. तेव्हा मी हसले होते. मासे कापायची वस्तू बोटीतून कोण आणणार?

आता पंचवीस तारखेपर्यंत, म्हणजे बुधवारपर्यंत, मी कस्टमला सही करून द्यायची की हा माल नकली, मी दाव्याला उभी राहते. सही दिली आणि माल नकली ठरला तर सगळा चिरडून टाकतात. जसाच्या तसा परतही पाठवू देत नाहीत. सही दिली नाही तर माल सुटला, पनवेलच्या प्रत्येक दुकानात माझ्या मोरळीशेजारी उभा.

मला सहीला एक मिनिट लागणार नाही. आधी सत्यजीतला बघते.

११ फेब्रुवारी, बुधवार

कळंबोलीला गेले. वर्कशॉपच्या दारातूनच सुरुवात केली, कारागिरांनी मशीन बंद केलं. ऐकू नीट यावं म्हणून केलं असणार.

सत्यजीत आत गेला. किल्ली आणली, कपाट उघडलं, तेलकट गोणपाटातली डाय काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मी बोलले, ही हाय ते दिसतंय मला, दुसरी करून विकलीस त्याचं बोल. तो म्हणाला, ही करायला दीड महिना गेला, त्यात तू रोज येऊन माझं डोकं खाल्लंस. दुसरी करायची ताकद उरली नाही माझ्यात.

मग म्हणाला, “ताई, मी चोर असतो तर तुझं नाव कशाला ठेवलं असतं? सत्यजीत मोरळी केली असती.”

“तुझ्या नावाची मोरळी फुकट दिली तरी कोण घेईल?”

कारागीर हसले. तोही हसला. मला त्याचाच जास्त राग आला, चोराने हसू नये. म्हणाला, त्यातली एक मोरळी बघायला मिळाली तर बघून ये. नीट बघ, हात लावून बघ. लोखंड खोटं बोलत नाही.

चहा आला होता, तो घेतला नाही. घसा सुकला होता, तरी घेतला नाही. परत येताना बसमध्ये त्याचंच डोक्यात. चोर नाव का ठेवील? कोंबडी चोरणारा तिच्या पायातला दोरा सोडवून टाकतो. हा कसला चोर, त्याने दोरा तसाच ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वकीलबाईंच्या ऑफिसात गेले होते. परत आल्यापासून भात टाकायचं सुचत नाहीये. आधी हे लिहिते.

मी विचारलं होतं, कस्टमवाले माझे कोण लागतात? त्यांना माझ्या मोरळीचं काय पडलंय? मी त्यांना कधी बांगडासुद्धा दिला नाही.

वकीलबाईंनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. जगातले दीडशेच्या वर देश एका करारात आहेत. एकमेकांना माल विकायचा तर कसा विकायचा, याचा तो करार. तो एका दिवसात झाला नाही, वर्षानुवर्षं बसले होते. भातावरून भांडले, कपड्यावरून भांडले, औषधांवरून तर फारच भांडले. आणि त्यातच हे ठरवलं, की कुणी स्वतःच्या डोक्यातून काही काढलं, त्याला नाव दिलं, आणि दुसऱ्याने ते उचललं, तर काय करायचं. नाव चोरून आणलेला माल असेल तर प्रत्येक देशाने आपल्या बंदरावर तो अडवायची सोय ठेवलीच पाहिजे. रूप चोरलं असेल तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आपल्या देशाने रूपही धरलंय.

मी विचारलं, हे कधी झालं? त्यांनी साल सांगितलं. मी हिशोब केला. तेव्हा मी नव्याने लग्न होऊन आलेली, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार सुकट विकत होते. म्हणजे बघा. जगाच्या त्या टोकाला कोटबूट घातलेली माणसं माझ्या मोरळीची व्यवस्था लावत होती, आणि मोरळी अजून माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

आमच्याकडे दोन जावांचं एका पाट्यावरून जमत नाही. हे दीडशे देश बसले आणि त्यांचं जमलं. वकीलबाई म्हणाल्या, जमलं असं नाही, अजून भांडतात. गरीब देशांना वाटतं हे सगळं श्रीमंतांच्या सोयीचं आहे, बरंचसं तसं आहेही. मी बोलले, असू दे. यावेळी माझ्या सोयीचं हाय ना?

मग विचारलं, म्हणजे आता जगभर ही मोरळी माझी? तर नाही. माझा कागद भारतातच चालतो. दुसऱ्या देशात दुसरा कागद काढायचा, तिथल्या ऑफिसात, तिथली फी भरून. हल्ली दोन दोन देश आपापसांत वेगळे करार करतात, त्यातही याचा एक भाग असतो, पण कागद ज्या त्या देशाचा वेगळाच. ही गंमत मला पटली नाही. घोळ मासा पाहिजे त्या समुद्रात जातो, त्याला घोळच म्हणतात. माझं नाव मात्र बंदर ओलांडलं की कुणाचंही.

आज शुक्रवार. हॅनाबाईंचा आवाज आजही आला नाही. दिवाळीपासून नाही. मोठी झाली आता, पनवेल विसरली.

हॅनाबाई म्हणजे पनवेलातल्याच इस्रायल तलावाजवळच्या, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या ज्यू धर्मात खवलं नसलेला मासा चालत नाही. कोळंबी नाही, मुशी नाही, शिंगाळा नाही. जिताडा असला की खवलं स्वतः नखाने बघणार, मग पैसे काढणार. यजमान एफ्राइमकाका गेल्यावर मुलाकडे गेल्या, अवीकडे, इस्रायलला, अश्दोद म्हणून गाव आहे. तिकडून दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी फोनवर आवाज पाठवायच्या. मी इकडून पाठवायचे. भांडणच असायचं, पण असायचं.

शेवटी शेवटी तर थट्टाच करत होत्या. म्हणे, एफ्राइम अजून ऑफिसातून आला नाही, जिताडं थंड होतंय. मेलेल्या नवऱ्याची थट्टा हीच बाई करू जाणे. मीही उत्तर पाठवलं, येतील येतील, ट्रॅफिकमध्ये असतील. त्यावर काही आलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. रविवार असून मार्केट ओस. उपास केला, रताळं खाल्लं.

दुपारी करंजाड्यात घराच्या गच्चीवर बसले. विमान गेलं. आमचं गाव विमानतळात गेलं, जिथे माझी चूल होती तिथून आता ती विमानं उठतात. आधी शिव्या द्यायचे. आज एकही देता आली नाही. इतकं मोठं लोखंड, आणि कुणाच्या तरी डोक्यात आधी ते एवढंसं असणार, माझ्या मोरळीसारखं.

सत्यजीतला फोन करावा वाटला. केला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे बघितलं ते नीट लिहायचं आहे. घाई करणार नाही.

कस्टमने माल बघायला बोलावलं होतं. वकीलबाईंच्या गाडीतून गेलो. रस्ताभर ट्रेलर, एकाला एक लागून, आमची गाडी त्यांच्या चाकाएवढी. लहानपणापासून न्हावा शेवा ऐकतेय, आमच्या नात्यातली अर्धी पोरं तिथे ड्रायव्हर आहेत, पण आतून कधी बघितलं नव्हतं. डब्यांवर डबे, घराएवढे डबे, सात सात मजले, आणि वर क्रेन, जशी काही कुणी उभ्याने मासे उचलतंय. मी बोलले, यातून माझं खोकं यांनी शोधलं? वकीलबाई म्हणाल्या, शोधलं.

मार्केटात माझ्या शेजारणीने माझी पाटी ढकलली तर कुणी मधे पडत नाही. आणि इथे माझ्या नावासाठी एक आख्खा डबा बाजूला काढून ठेवलाय, त्याला सील मारलंय, त्याच्यावर माणूस बसवलाय. मला कसंतरी झालं. देवळात आत बोलावतात तेव्हा होतं तसं.

गोदामात साहेब होते, तरुण, चष्म्याचे. त्यांनी हातमोजे घातले, खोकं कापलं आणि मोरळी काढून टेबलावर ठेवली. खोक्यावर इंग्रजीत माझं नाव, वकीलबाईंनी वाचून दाखवलं. भामा. पुढे काय काय, पण आधी भामा.

मला वाटलं होतं पत्र्याचं काहीतरी फालतू असेल. तसं नव्हतं. माझ्या मोरळीपेक्षा चांगली होती. हे वकीलबाईंना आवडणार नाही पण खरं ते लिहिते. माझ्या मोरळीचं पातं काढायला स्क्रू फिरवावा लागतो, माश्याच्या हाताने तो निसटतो, गिऱ्हाइकं त्यावरून बोलतात, आणि सत्यजीत आणि मी त्यावर डोकं फोडून थकलो. हिला खटका होता. दाबला, टक् झालं, पातं हातात. परत बसवलं, टक्. मी चार-पाच वेळा केलं. साहेब म्हणाले, बाई, पुरे.

आणि खोक्यात पाती दोन. एक साधं. दुसऱ्याच्या मुठीवर मासा कोरलेला, एकेक खवलं मोजता येईल असा. मी बोलले, एका मोरळीला दोन पाती कशाला? साहेबांना माहीत नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, एक जादा देत असतील.

मग मी सत्यजीतचं ऐकलं. हात लावून बघितलं. डोळे मिटून मानेवरून बोट फिरवलं, जिथे पातं बसतं त्याच्या खाली. आणि अंगठा खाली गेला.

पोचा होता. अंगठ्याएवढा, जरासा तिरका.

दुसरी काढायला लावली. पोचा. तळाच्या खोक्यातली काढायला लावली. पोचा, त्याच जागी, तितकाच तिरका. आणि वेडावाकडा नाही, घासून गुळगुळीत केलेला, वर बारीक रेघा, अंगठा घसरू नये म्हणून.

साहेबांनी विचारलं, काय झालं? मी बोलले, काय नाय.

तीन हजार मोरळ्या आहेत म्हणे. तीन हजारांवर तो पोचा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रात्री झोप लागली नाही. तो पोचा माझा आहे.

सत्यजीतच्या डायमधून निघणाऱ्या मोरळीला पोचा नाही. कधीच नव्हता. पोचा एकाच मोरळीला होता, सगळ्यात पहिल्या. ती डायची नाही, हाताने बनवलेली. स्क्रू अडकला होता, सत्यजीत म्हणत होता थांब, तेल घालतो, आणि मी थांबले नाही. हातोडी घेतली आणि मानेवर घातली. सत्यजीतने कपाळाला हात लावला. हॅनाबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी मोरळी ओढून घेतली, पोच्यात अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, भामे, हे चांगलं झालं, पातं काढताना अंगठा इथेच टेकतो. मी बोलले, ती बिघडलीय, तुमाला नवी देते. तर हट्टाने तीच नेली. अश्दोदला जाताना कपड्यांच्या बॅगेत घालून तीच नेली.

आता कुणी म्हणेल, त्या बाई वर्कशॉपमध्ये काय करत होत्या. तेही लिहिते. हॅनाबाई मार्केटात येताना स्वतःची मोरळी पिशवीतून आणायच्या. माझ्या पात्याला मुशी लागलेली, कोळंबी लागलेली, ते त्यांच्या माश्याला लागायला नको. इतकी वर्षं ते ओझं वागवायच्या आणि मला त्यांच्या मोरळीवर बसून कापायला लावायच्या. एक दिवस मी वैतागून बोलले, आख्खी मोरळी कशाला आणता, नुसतं पातं आणा ना. त्या म्हणाल्या, पातं निघतं कुठे? मी बोलले, मग निघेल असं करू. तिथून सगळं सुरू झालं. फॉर्मवर विचारलं होतं ही कुणाची कल्पना, तिथे वकीलबाईंनी माझंच नाव घातलं. बरोबरच आहे. हॅनाबाईंनी फक्त प्रश्न विचारला होता.

दुसरं पातं कशाला ते आज भांडी घासताना कळलं. एक घरातल्या सगळ्यांचं, एक खवलंवाल्या माश्याचं. ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नाही.

संध्याकाळी सत्यजीतकडे बोयांचं कालवण पोचवलं. तो म्हणाला, हे कशाबद्दल? मी बोलले, उरलं होतं. त्याने डबा उघडून बघितला, काठोकाठ भरलेला. म्हणाला, बरंच उरलं. मग मी त्याला पोच्याचं सांगितलं. त्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, “ताई, चुकीला कुणी पॉलिश करत नाही. ज्याने केलंय त्याने रोज त्या चुकीत अंगठा ठेवणारं कुणीतरी बघितलंय.”

आणि खटक्याचं सांगितल्यावर तर कागद पेन्सिल घेऊन बसला, कसा असेल, कसा असेल करत. घरी जा म्हटलं तरी जाईना.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याने माल मागवला त्याने कस्टमला कागद दिले. वकीलबाईंनी वाचले. माल तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात बनला. बनवून घेणारा अश्दोदचा. नाव अवी, आणि पुढे एफ्राइमकाकांचं आडनाव.

मला माहीतच होतं. तरी त्यांनी वाचल्यावर पाणी मागितलं.

वकीलबाई खूश होत्या. म्हणाल्या, केस मजबूत आहे, तुमच्याच मोरळीवरून केलीय हे आता सिद्ध होतं. पोचाच पुरावा. मी विचारलं, सही केली तर त्याचं काय होईल? म्हणाल्या, माल जाईल, त्यात घातलेलं सगळं जाईल, वर इथे नाव खराब. आणि नाही केली तर माझं काय होईल? म्हणाल्या, तुम्हीच सांगा, खटका बघितल्यावर तुमचा स्क्रू कोण घेईल?

खरं आहे. मीच घेणार नाही.

मग त्यांना एक विचारलं, की कायद्यात असं आहे का, की दोघांची मिळून एक वस्तू? म्हणाल्या, आहे, पण ते आधी लिहायला पाहिजे होतं. का विचारताय? मी बोलले, सहज.

तिसरी वाट आहे म्हणाल्या. त्याने मानलं आणि तुम्ही परवानगी लिहून दिलीत, तर माल सुटू शकतो. पण आधी त्याने तोंड उघडायला पाहिजे. आणि बुधवारनंतर काही नाही.

संध्याकाळी हॅनाबाईंचे जुने आवाज ऐकले, एकामागून एक. आधी सुटे सुटे ऐकले होते. एकदम ऐकले तर वेगळेच लागतात. आधी सगळ्या मार्केटची चौकशी, नावं घेऊन घेऊन. मग नावं कमी. मग जिताडा आलाय का, एवढंच. एकात दोनदा विचारलंय, मधे श्वाससुद्धा नाही. एकात मागून अवीचा आवाज आहे, “आई, हे तू आत्ताच विचारलंस.” आणि त्या म्हणतात, कुणाला? आणि एकात नुसता आवाज येतोय, ओट्यावरचा. पातं बसवायचा. त्या म्हणतात, भामा आहे ना हाताशी, मला कुणाची गरज नाही.

मी तेव्हा हसले होते. मला वाटलं मलाच मस्का लावतायत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कागदावर अवीचा नंबर होता. तीनदा लावला, उचलला नाही. मग आठवलं, आज शनिवार. शनिवारी हॅनाबाईंच्या घरात चूलही पेटायची नाही, फोन कुठला. माझं माहेर तिथलंच, आम्ही लहानपणी शेजारच्या गल्लीतून त्यांच्याकडे दिवा लावून द्यायला जायचो.

मार्केटात आज एक जिताडा आला, माझ्या हाताएवढा. खवलं रुपयासारखी. नखाने बघितली, उगाच.

२२ फेब्रुवारी, रविवार

वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही त्याच्याशी थेट बोलू नका, मी नोटीस पाठवते. मी बोलले, तुमची नोटीस त्याला समजेल, माझं बोलणं त्याला कळेल. त्या म्हणाल्या, मग निदान आधी लिहून काढा आणि तेवढंच वाचा. म्हणून लिहून काढते. हे वाचून आवाज पाठवणार आहे.

अवी, मी भामामावशी, पनवेल मार्केट. माझ्या हातचे किती मासे तुझ्या पोटात गेलेत ते तुला ठाऊक आहे. न्हावा शेवाला तुझा माल अडकलाय, तो माझ्या नावाने अडकलाय. सगळ्या जगाने बसून तशी सोय केली आहे, मला दोन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. माझी एक सही झाली की तीन हजार मोरळ्या यंत्राखाली जातील. बुधवार शेवटचा दिवस आहे.

मी तुझी मोरळी हातात घेऊन बघितली. आयुष्यात इतकी चांगली वस्तू मी बघितली नाही. माझ्याच वस्तूला मी ओळखलं नाही आधी, एखादं पोर गावाहून शिकून येतं ना, तसं. म्हणून ओरडत नाही, विचारतेय, आणि खरं उत्तर पाहिजे.

खटका कुणाच्या डोक्यातून आला, तुझ्या की आईच्या? दोन पाती तिने सांगितली, की तू तिला कापताना बघून केलीस? माझी चूक घासून गुळगुळीत का केलीस? काढून का नाही टाकलीस? कारखानेवाल्याने विचारलं असेल की हे काय आहे, त्याला काय सांगितलंस? नाव माझं ठेवलंस तर मला फोन का नाही केलास? पाच मिनिटं लागली असती. मी हो म्हणाले असते की नाही ते मला माहीत नाही, पण विचारायला पाहिजे होतंस.

हे तुझ्या आईने मला विचारलं होतं, पातं निघतं कुठे म्हणून. मी फॉर्मवर ते लिहिलं नाही. तू आधी मानलंस तर मी परवानगी लिहून देऊ शकते, त्यात तुला तिचं नाव लिहायचं असेल तर सांग, वकीलबाई म्हणतात वाट आहे.

आणि सगळ्यात आधी हे सांग, हॅनाबाईंचा आवाज का येत नाही? माझ्यावर रागावल्या असतील तर तसं त्यांनाच बोलू दे. उलटसुलट बोलल्या तरी चालेल. काका ऑफिसातून आले नाहीत म्हणाल्या तर मी म्हणेन, थांबा, मी पण थांबते. पोच्यात अंगठा ठेवून, पातं बसवून, तो आवाज नुसता ऐकवलास तरी मला कळेल की आहेत.

काल बाजारात जिताडा आला होता. त्यांना सांग.

त्यांचा आवाज आणि तुझं उत्तर, दोन्ही मंगळवारी संध्याकाळी सातच्या आत पाहिजे. नाही आलं तर बुधवारी सकाळी मी वकीलबाईंकडे जाऊन सही करते, हात कापला तरी करते. सात म्हणजे पनवेलचे सात, तुझ्याकडचे नाहीत.